पाचशे तीन पावलं

आबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि अजून गावातली निम्मी माणसं तुम्हाला बांधावर ऐकतात. बघतात असं कुणी म्हणत नाही, ऐकतात असंच म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेला भर दुपारी खाडीला उधाण चढतं, पाणी बांधाच्या गळ्याशी येतं, तेव्हा उघाडीच्या दारांच्या बाजूने आधी लोखंडी सळई टेकल्याचा आवाज येतो, मग एक पाय पडल्याचा, मग दुसरा ओढत आणल्याचा. बांधाला लागून जिचं घर आहे ती काकी त्या दिवशी बांधावर एक कप चहा ठेवते, वर बशी झाकून. बिनसाखरेचा. "सुभेदाराला शुगर व्हती ना," म्हणते. मेलेल्या माणसाची शुगर सांभाळणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. मी तिला एकदा म्हटलंसुद्धा, काकी, तो चहा मुंगूस पितं. तर ती, "मुंगूस पिऊन झाल्याव बशी परत झाकून ठेवतंय व्हय गो?" म्हणाली. मी तिच्या रेशनकार्डाचं काहीतरी विचारून विषय बदलला.

रेशनकार्डाचं मीच विचारणार, कारण तुमच्या खुर्चीत आता मी बसते. शाळेतून निवृत्त झाले, सरपंचपद बाईसाठी राखीव झालं, आणि गावकीने ठरवलं की सुभेदाराची पोरगी आहे, गणिताची मास्तरीण आहे, सासरही गावातच आहे, हिलाच बसवा. दोन वर्षं झाली. खुर्ची तीच आहे. तिचा उजवा हात अजून सैल आहे, कारण ताठ गुडघ्याचा माणूस उठताना सगळा भार तिथेच टाकायचा. शिपाई म्हणतो, ठोकून देतो बाई. मी नको म्हणते. आणि खरं सांगायचं तर मी त्या हातावर कधी हात ठेवत नाही. एकदा ठेवला होता, तेव्हा लाकूड गरम लागलं. ऊन पडलं असेल खिडकीतून. पण त्या दिवशी आभाळ होतं.

तुम्ही फौजेतून आलात तेव्हा मी नऊ वर्षांची होते. हिरवी ट्रंक, न वाकणारा डावा पाय, आणि आवाज असा की आई पदर सावरून उभी राहायची. चौलच्या पोफळीच्या वाडीत वाढलेली बाई ती, तिला इतक्या मोठ्याने बोलायची सवय नव्हती. तुमची पलटण लढायची नाही, लढणाऱ्यांसाठी वाट करायची. नदीवर पूल टाकायचे, जमिनीतले सुरुंग काढायचे. हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळायचं की हा माणूस घरात शिरला आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीला माप आलं. "भात किती वेळात होईल?" "होईल थोड्या वेळात." "थोडा म्हणजे किती मिनिटं?" मग आई चुलीत फुंकर घालता घालता म्हणायची, "ते भाताला इचारा. मी निस्ती वाढनारी हाय." तुम्ही हसायचा नाहीत. घड्याळ बघायचात. आणि मजा म्हणजे महिन्याभरात आई स्वतःच म्हणायला लागली, बावीस मिनिटं.

मग तुम्ही सरपंच झालात, तीन वेळा, आणि गावाचंही तसंच झालं. ग्रामसभा दहाची म्हणजे दहाला दार बंद. सव्वादहाला आलेले बाहेर उभं राहून खिडकीतून हात वर करायचे. घरांवर डांबराने नंबर टाकलेत. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन माणसं दोन टोकाला उभी केलीत आणि सगळ्या गटारांचा उतार काढलात. ते पाणी आजही बरोबर खाडीकडे जातं, परवा नव्या कंत्राटदाराने केलेल्या गटाराचं मात्र मंदिराकडे जातं. लोक तुम्हाला शिव्या द्यायचे, आणि दर वेळी मत तुम्हालाच द्यायचे. एक म्हातारा म्हणायचा, "सुभेदार डोक्याव बसतंय, पन डोका शाबूत ठेवतंय." यापेक्षा चांगलं प्रमाणपत्र कुणाला मिळालंय मला माहीत नाही.

मला एकदाच मारलंत. विचारलंत, विहीर घरापासून किती लांब? मी म्हटलं, ऐंशी. कानाखाली बसली. "ऐंशी काय? ऐंशी आंबे? ऐंशी मैल? ज्या आकड्याला एकक नाही तो आकडा नाही, ती नुसती बडबड." पुढे छत्तीस वर्षं मी पोरांना हेच शिकवलं, मारलं मात्र कुणाला नाही. आणि त्याच वर्षी मला भेट आणलीत. लोहाराकडून माझ्या उंचीची सळई करून घेतलीत, टोकाला धार, वर लाकडी मूठ. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "लोकांचे बापूस पोरीला बांगड्या आनतान, ह्यो लोखंड घेऊन आला!" मी ती सळई घेऊन झोपायचे, आबा. तुम्हाला माहीत नसेल.

आपला बांध बाहेरच्या माणसाला सांगितला तर काय, मातीचा ढीग. एका अंगाला खाडी आणि कांदळाची झाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती, मधे दीड पुरुष उंचीची सरळ चिखलाची भिंत. मधोमध उघाडी, म्हणजे ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला खाडीला आत न घेणारी लाकडी झडपांची दारं. बांध फुटला, खांड गेली, की खारं पाणी आत येतं आणि तीन वर्षं त्या शेतात तांदळाचा दाणा होत नाही. गावाचा जीव त्या चिखलात. तुम्ही दर पावसाळ्याच्या तोंडाला तो बांध चालायचात. सळई तिरकी खुपसायची, उभी कधीच नाही, जशी सुरुंग शोधताना खुपसतात तशी. खेकड्यांची बिळं, उंदरांची बिळं, सगळी हाताला कळायची. आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती जागा सापडली. सळई हातातून सुटल्यासारखी आत गेली, आणि खालून एक आवाज आला. रिकाम्या माठात कुणी श्वास सोडावा तसा. मी अकरा वर्षांची होते, तुमच्या शर्टाला धरून उभी. तुम्ही म्हणालात, घाबरू नको, खाली पणजोबांच्या वेळची उघाडी आहे, बुजवलेली. फळ्या कुजल्यात, पोकळी झालीय. मग वहीत लिहिलंत: उघाडीपासून ४२०. एकक लिहिलं नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "माझं पाऊल तीस इंचाचं आहे. फौजेने घडवलंय. ते लिहायची गरज नाही."

तिथे खुंटी ठोकू म्हटलं, तर त्यालाही नाही म्हणालात. तेव्हाच एकदा, फक्त एकदा, गुडघ्याचं सांगितलंत. कुठल्याशा नदीकाठी सुरुंगांच्या वाटेच्या खुणा दगडांनी केल्या होत्या. पूर आला, दगड हातभर सरकले. तुम्ही दगडांवर भरवसा ठेवून पाऊल टाकलंत. "जमिनीवरची खूण सरकते, पोरी. मोजलेलं सरकत नाही." म्हणून दर वर्षी चालायचं, मोजायचं, सळईला पोकळी लागली की थांबायचं. मग गावाने हाताहाताने दगड-माती आणायची आणि तुम्ही उभे असाल तिथे ठासायची. वर नवा चिखल चढला की पुन्हा सगळा बांध सारखाच. ग्रामसभेत तो आकडा वाचून दाखवायचात, हजेरी घेतल्यासारखा.

पहिली बरीच वर्षं चारशे वीसच. मग एका वर्षी चारशे तेवीस. दोन वर्षांनी चारशे एकतीस. ग्रामसभेत चुळबुळ सुरू झाली. चारशे अठ्ठेचाळीस झाला तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "ते चालतंय." बस्स. तिथून ती पोकळी राहिली नाही, 'ते' झालं. बांधाच्या पोटातलं ते, दर पावसाळ्यात चार-पाच पावलं पुढे येतंय, आणि पुढे कुणाचं घर, तर काकीचं. लोकांना जागा डोळ्यांनी ओळखू येत नव्हती असं नाही, पण तुमच्या आकड्यापुढे स्वतःच्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवणार? सुभेदाराचा आकडा कधी चुकलाय का! बायका काकीच्या दारावरून जाताना पाय उचलायच्या. तिच्या झाडाचे नारळ कुणी घेईना. आणि एक दिवस तुम्ही स्वतः तिच्या ओटीवर जाऊन बसलात आणि सांगितलंत, "माझ्या अंदाजाने वीस-बावीस वर्षांत ते तुमच्या चुलीखाली असेल. मुलाला सांगा, दुसरी जागा बघा." मुलाने जागा बघितली. पनवेलला. बायको-पोरं घेऊन गेला तो गेलाच. काकी नाही गेली. "येऊ दे. मी बी हाय," म्हणाली.

त्या दुपारी तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसलात. मी बोंबील साफ करत होते. वही पाटावर उघडी, सगळे आकडे एकाखाली एक.  "दगड सरकत नाहीत," म्हणालात. "फळ्या सरकत नाहीत. मी स्वतः उकरून बघितलंय. मग हे सरकतं कसं?" मी बोंबलाचं पुढचं डोकं मोडलं. "खाली काहीतरी आहे, पोरी." तुम्ही, ज्यांनी आयुष्यात देवाला एक उदबत्ती लावली नाही! उघाडीपाशी बांधाच्या राखणदाराला लोक नारळ देतात, त्याला तुम्ही 'खोबऱ्याचा भ्रष्टाचार' म्हणायचात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जाताना तुम्हाला तिथे पाहिलं. एकटे. वाकता येत नव्हतं म्हणून नारळ उभ्यानेच दगडावर आपटलात. मी कांदळाच्या आड थांबले, तुम्ही जाईपर्यंत. त्या वर्षीचा आकडा पाचशे तीन. पुढच्या चैत्रात तुम्ही गेलात, सकाळी साडेसहाला, उठायच्या ठरल्या वेळी. वहीत त्यापुढे काही नाही.

नंतरचे सरपंच बांधावर फिरकले नाहीत. मधे कधीतरी सरकारी खात्याने मशीन लावून वर मुरुमाचा थर टाकला, बांध उंच झाला, कांदळ माजलं. तुम्ही ठासलेलं तेवढी वर्षं टिकलं. गेल्या उन्हाळ्यात मी वही काढली आणि पंचायतीत ठेवली. आपला उपसरपंच म्हणजे दोन डंपरवाला, किहीमच्या बंगलेवाल्यांना माती-दगड पुरवतो, सहा फूट उंच गडी. म्हणाला, "ताई, तू टेन्शनच नको घेऊ. पाचशे तीन म्हंजे पाचशे तीन. मी सोता चालतो." चालला. लांब ढांगा टाकत, फोनवर बोलत, पण मोजणी चुकला नाही हां. चुन्याने खूण केली, दगड ठासले, फोटो काढले. मीही फोटोत आहे, दात काढून.

आणि श्रावणातल्या अमावास्येला सकाळी काकीचा निरोप आला. शेताच्या बाजूच्या चरीत पाणी उकळल्यासारखं बुडबुडतंय, आणि खारट आहे, तिने चाखून बघितलं. मी गेले तेव्हा साडेदहा झाले होते. भरती पावणेबाराची. चर लांबलचक, बुडबुडे सगळीकडे पसरलेले, पाणी कुठून शिरतंय ते कळेना. एक मात्र दिसत होतं, उपसरपंचाने ठासलेली जागा कोरडी ठणठणीत होती. "सरकलं!" तो म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस दोन पावलं मागे गेला. "ताई, आईशप्पत, ते परत सरकलं." पोरं पहारी घेऊन धावली, दिसेल तिथे खुपसू लागली. मी ओरडले, थांबा! एकेक भोक म्हणजे पाण्याला वाट. खात्याच्या साहेबाला फोन केला, तो म्हणाला पाऊस संपला की बघू. मुरुमाच्या गोणी भरलेल्या होत्या, चाळीस-पन्नास माणसं रांगेत उभी होती, आणि गोणी एकाच जागी पुरतील एवढ्याच. सगळे माझ्याकडे बघत होते. काकी मात्र दारात बसून तांदूळ निवडत होती. "बाय," मला म्हणाली, "तुज्या बापसाला इचार ना. येतीलच आता, बारा वाजत आलं."

तेव्हा मला कळलं, आबा. उभ्या उभ्या. पोकळी कधीच चालली नव्हती. ती चारशे वीसवर होती तिथेच आहे. लहान झालं होतं ते तुमचं पाऊल. तीस इंच कधीच संपले होते, आणि तुम्ही मोजत राहिलात. पाचशे तीन ही तुमची, तुमच्या शेवटच्या वर्षातली, ओढत्या पायाची पाचशे तीन पावलं होती, सहा फुटी डंपरवाल्याची नव्हेत. चारशे वीस गुणिले तीस इंच मोजून काढू म्हटलं, तर शंभर फुटी टेप पंचायतीच्या कपाटात आणि किल्ली शिपायाच्या खिशात आणि शिपाई अलिबागला. दुसऱ्या कुणाच्या पावलांनीही भागणार नव्हतं. मग मी उपसरपंचाच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला, कांदळाची एक सरळ फांदी डाव्या गुडघ्यामागे लावली आणि टॉवेलने करकचून बांधली. साडी वर खोचली. घरून सळई आणायला पाठवलं होतं, ती आली. तुमची, माझी नव्हे. उघाडीच्या दगडाला टाच लावली आणि निघाले.

सळई टेकायची. उजवा पाय. डावा ओढायचा. मला वाटलं होतं नक्कल करावी लागेल. लागली नाही. विसाव्या पावलापासून मला काही करावंच लागलं नाही. कंबर आपोआप एका बाजूला पडत होती, श्वास तोंडाने येत होता, आणि दर पावलाला एक बारीक 'हं' निघत होता. तो मी कधी काढत नाही, तो तुमचा. ऊन डोक्यावर, सावली पायाखाली. म्हाताऱ्या बायांनी डोक्यावर पदर घेतले. पुढे काकी आपल्या दारात तांदळाचं सूप खाली ठेवून उभी राहिली. "सुभेदार, जरा दमानं," म्हणाली, "पाय सटकंल." मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं आणि तिने मला ओळखलं नसतं तर?

पाचशे तीनला थांबले. सळई तिरकी खुपसली. दगड. हात झिणझिणले. पुन्हा नाही खुपसता येत, भोक पडतं. मागे कुणीतरी रडायला लागलं. भरती वर आली होती, डाव्या हाताला पाणी बांधाच्या काठाला चाटत होतं. मी उभीच, आणि पाय निघाला. मी उचलला नाही. उजवा पाय, मग डावा ओढत. पाचशे चार, पाचशे पाच. सगळी पावलं तेवढीच आखूड, नंतर त्याहूनही आखूड. पाचशे तीस, पाचशे चाळीस. मधे एकदा दम खायला थांबलेही, मला दम लागला नव्हता तरी. पाचशे एक्कावन्नला पाय थांबला. सळई मी खुपसली असं म्हणवत नाही. ती गेली. आणि खालून तो आवाज आला, माठातला.

गोणी ठासल्या, फळ्या मारल्या, उपसरपंच स्वतः छातीभर चिखलात उतरला आणि साडेबाराला पाणी उतरायला लागलं. खांड गेली नाही. लोक माझ्या पाया पडायला आले, तर मी रागावले, तुम्ही रागवायचात तशी. कपाट उघडल्यावर टेपने मोजलं. तुमची पहिली चारशे वीस पावलं, प्रत्येकी तीस इंच, बरोबर त्या जागी येतात. वितीचाही फरक नाही. हिशोब जुळला, गणित सुटलं, आणि तरी एक उरतं. पाचशे तीन तुमचा शेवटचा आकडा. वरची अठ्ठेचाळीस कुठून आली? तुमचा आकडा वर्षाला चार-पाचने वाढत होता. अकरा वर्षं. मास्तरीण आहे मी, आबा, हा गुणाकार मला टाळता आला नाही. तुम्ही गेल्यावरही दर पावसाळ्यात तो बांध कुणीतरी चाललंय, आणि चालता चालता म्हातारं होत राहिलंय. मेलेल्या माणसाला तरी आराम असावा की नाही?

हे पत्र मी कुठे टाकणार आहे, कुठेच नाही. म्हणून एक खोटं दुरुस्त करते. मला बांधावर उभ्या उभ्या कळलं असं वर लिहिलंय, ते खरं नाही. तुमच्या शेवटच्या पावसाळ्यात मी तुमच्या मागून चालत होते. मागच्याने पुढच्याच्या ठशातच पाऊल टाकायचं, हा तुमचा नियम. चिखल ताजा होता, ठसे स्पष्ट, आणि माझा पाय दर वेळी तुमच्या ठशाच्या पुढे पडत होता. मी बाईमाणूस, बुटकी, आणि माझं पाऊल तुमच्याहून मोठं होतं. तेव्हाच सगळं कळलं, आकडा का वाढतो, ते का चालतं, सगळं. तुम्ही मागे न बघता विचारलंत, "बरोबर येतेयस ना?" मी पाऊल आखडलं, तुमच्या ठशात बसवलं आणि म्हटलं, हो आबा. पुढच्याच आठवड्यात तुम्ही काकीच्या ओटीवर जाऊन बसलात. तेव्हाही गप्प बसले. तुम्ही स्वयंपाकघरात येऊन विचारलंत, तेव्हाही बोंबलाची डोकी मोडत बसले. गेल्या उन्हाळ्यात उपसरपंच लांब ढांगा टाकत गेला, तेव्हाही फोटोत उभी राहिले. तुम्ही म्हातारे झालात हे तुमच्या तोंडावर सांगायचं माझ्याने झालं नाही, बांधाखाली भूत आहे असं तुम्हाला वाटू देणं मला सोपं वाटलं.

काल काकीच्या मुलाचा पनवेलहून फोन आला होता. विचारत होता, ते आता आईच्या घरापासून किती लांब आहे, आम्ही परत आलो तर चालेल का. मी म्हटलं, मोजून सांगते.